गल्ल्याचं माप

४ तारीख, सोमवार

ही साइटची वही नाही, हे आधीच लिहून ठेवतो. साइटची वही मिस्त्रीकडे असते आणि तिच्यावर चहाचे गोल डाग आहेत. ही माझी. हिच्यात मला खोटं बोलायची परवानगी नाही आणि बायकोला वाचायची.

माझं स्वतःचं पहिलं काम आजपासून सुरू. सासऱ्यांचं हॉटेल. आतापर्यंत दुसऱ्यांच्या ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या नावावर टेबलं-खुर्च्या काढल्या. आता महिनाभर मी राजा. पुढच्या एक तारखेला मोठ्या शहरात सरांकडे रुजू व्हायचंय. सर फक्त हॉटेलांची आणि दुकानांची आतली रचना करतात आणि त्यांच्याकडे शिरायला लोक वर्षानुवर्षं रांगेत उभे राहतात. बायकोलाही तिथल्याच एका हाडांच्या दवाखान्यात नोकरी लागलीये, पेशंटकडून व्यायाम करून घ्यायची. तिचीही एक तारीख. तोवर आमचा मुक्काम हॉटेलच्या वरच्या खोलीत.

हॉल आज रिकामा पाहिला. जुनं सगळं मिस्त्रीने गेल्या आठवड्यातच उपटलंय. भिंतींवर डोकी टेकून टेकून झालेला तेलकट पट्टा, छताला पंख्यांचे हुक आणि दाराशी फरशीवर एक चौकोन, बाकीच्या फरशीपेक्षा उजळ. तिथे गल्ला होता. बायको चौकोनाच्या कडेने गेली, आत पाय टाकला नाही. मी म्हटलं, काय गं, ओलं आहे का? ती म्हणाली, नाही, मी पुष्कळ बसलेय तिथे. कॉलेज सुटल्यापासून लग्न होईपर्यंत ती त्या चौकोनात होती, हे मला माहीत होतं. पण चौकोन एवढा लहान असेल असं वाटलं नव्हतं.

५ तारीख, मंगळवार

बाबा (सासऱ्यांना मीही बाबाच म्हणतो) ताडमाड उंच आहेत आणि एका जागी ठरत नाहीत. हॉटेल पायांनी चालतं, असं त्यांचं मत आहे. ते टेबलाटेबलाशी फिरतात, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या दाताचं दुखणं, सगळं त्यांना ठाऊक. आज माझी ड्रॉइंग गुंडाळी करून काखेत मारली आणि रस्त्यावरच्या प्रत्येक दुकानात दाखवून आले. आमच्या जावईबापूंचं डोकं बघा, म्हणून. केस कापणाऱ्यालासुद्धा दाखवलं. त्याने म्हणे वाहवा केली.

हे मला हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत, हे मला कळतं. पण वरून दिसतं छान.

९ तारीख, शनिवार

अडकलोय. गल्ल्यावर कोण बसणार, हे कुणी सांगत नाहीये.

बाकी सगळं ठरलंय. मुख्य कल्पना माझी मलाच इतकी आवडलीये की रात्री झोपेत हसलो म्हणे. हॉटेलची जमीन ओतीव मोझॅकची, राखाडी-पांढरी. ती दाराशी येऊन जमिनीवर थांबत नाही. तिथून लाटेसारखी वर उठते, वळते आणि तिचाच गल्ला होतो. जोड नाही, फट नाही, कोपरा नाही. आत शिरणाऱ्याला कळणारच नाही की जमीन कुठे संपली. सर असलं काही पाहिलं की नुसती भुवई उचलतात. मला ती भुवई हवीये.

पण असा गल्ला एकदा ओतला की ओतला. लाकडासारखा नंतर तासता येत नाही. म्हणून बसणाऱ्याचं माप आधी हवं. बाबांना विचारलं. म्हणाले, बसेल घरातलंच कुणीतरी. सासूबाईंना विचारलं. त्या भांड्यांच्या आडून म्हणाल्या, पुढचं मला काय विचारता, मी मागची. मिस्त्री म्हणाला, साहेब, ज्याचं बूड त्याची खुर्ची. मग मी बाबांना सुचवलं, एखादा माणूस नोकरीला ठेवा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी सासूबाईंना भाड्याने द्या म्हणालो. गल्ल्यावर परका माणूस आमच्यात बसत नाही. आधी त्यांची बहीण बसायची, तिचं लग्न झालं. मग माझी बायको, तिचंही झालं. आता कोण, तर घरातलंच कुणीतरी. घरात राहिलंय कोण?

कॉलेजात शिकवलेलं आठवलं. वापरणारा माहीत नसेल तर सरासरी माणूस धरा.

११ तारीख, सोमवार

सरासरी माणूस सापडला. मीच. दुकानातला कुठलाही तयार शर्ट मला येतो, माझ्याइतका सरासरी माणूस शोधून सापडायचा नाही.

दुपारी रिकाम्या हॉलमध्ये सिमेंटच्या पोत्यांवर फळी टाकून बसलो, बायकोच्या हातात टेप दिली. कोपरापासून जमीन, गुडघ्यापासून पाठ, हात लांब केल्यावर बोटांचं टोक. ती आकडे सांगत होती, मी लिहीत होतो. मध्येच थांबली.

"माझं नाही घ्यायचं माप?"

"तू कशाला? तू तर माझ्याबरोबर चाललीयेस."

"हो," ती म्हणाली. टेप हातात तशीच धरून उभी राहिली. मग म्हणाली, "मग बाबांचं घे."

मी समजावलं की बाबांचे पाय म्हणजे शिड्या आहेत. त्यांच्या गुडघ्यांना जागा द्यायची तर लाट पुढे फुगते, तिचं पोट सुटतं. शिवाय बाबा बसतात कधी?

"बसवलं तर बसतील."

"अगं, पण दिसायला."

ती खाली वाकली आणि माझी मांडी मोजली. टेप बरीच घट्ट ओढली होती. तिला कामात बारकावा आवडतो, हे मला आधीपासून आवडतं.

१४ तारीख, गुरुवार

ओतला. श्वास रोखून उभा होतो. लाट आली.

२० तारीख, बुधवार

खुर्च्यांचं काम म्हणजे लबाडीचं काम. हॉटेलची खुर्ची अशी करायची की पोट भरेपर्यंत बरं वाटावं आणि मग बूड आपण होऊन उठावं. फार आराम दिला तर गिऱ्हाईक मुक्कामाला येतं. कमी दिला तर परत येत नाही. मी बसायची फळी पुढच्या बाजूला किंचित उतरती केली. बसणाऱ्याला कळतही नाही, फक्त बिल मागवावंसं वाटतं. बाबांना गंमत सांगितली तर ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. म्हणाले, जावईबापू, तुम्ही तर आमच्याहून पक्के निघालात.

गल्ल्यामागच्या खुर्चीला मात्र ही लबाडी नाही. तिला पाठ दिली, हात दिले, पायाखाली दांडी दिली. बसून बघितलं. सगळ्या हॉलमध्ये उठावंसं न वाटणारी ही एकच जागा.

बायको वर खोलीत सामान बांधतेय. अजून दहा-बारा दिवस आहेत म्हटलं. ती म्हणाली, बांधलेलं बरं असतं.

२६ तारीख, मंगळवार

घासाई झाली. दिवसभर यंत्राची घरघर, तोंडात पांढरा चिखल. संध्याकाळी धुऊन काढलं आणि जमीन वर आली, पाण्यातून एखादं जनावर वर यावं तशी. मिस्त्री स्वतःच्या कामाला कधी चांगलं म्हणत नाही, तो गल्ल्यावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, साहेब, ह्याच्यावर कप ठेवायलाही जीव होणार नाही.

२९ तारीख, शुक्रवार

उद्घाटन. लिहायला भरपूर आहे, पण मुद्द्याचं आधी.

पाहुणे जमले, हॉल उजळला, सगळे लाटेपाशी घोटाळत होते. मग कुणीतरी म्हणालं, मालक, बसा की गल्ल्यावर. बाबा आत गेले, बसायला गेले आणि त्यांचे गुडघे आतल्या भिंतीला ठक्कन आपटले. तिरके बसून पाहिलं, पाय बाहेर काढून पाहिलं. शेवटी उठले आणि हसत म्हणाले, आमचं काम नाही. मग बायकोला बसवलं. ती हनुवटीपासून वरच तेवढी दिसत होती, लहान मुलाला मोठ्यांच्या पंगतीत बसवल्यासारखी. लोक हसले. तीही हसली, पण लगेच उतरली.

आत्याबाई, म्हणजे बाबांची बहीण, आल्या होत्या. त्यांनी गल्ल्याला बाहेरून बोटाने टकटक केलं आणि मला म्हणाल्या, जावईबापू, तुम्ही बसा बघू.

बसलो. कोपर जिथे टेकायला हवं तिथे टेकलं, हात ड्रॉवरपाशी आपोआप गेला. सगळ्या हॉलमध्ये "अरे वा" झालं. खोटं कशाला बोलू, मला फार छान वाटलं. स्वतःचं काम आतून अंगावर घालून बघण्याचा योग किती जणांना येतो?

आत्याबाई बायकोकडे वळून म्हणाल्या, "सुटलीस गं." आणि मग माझ्याकडे बोट करून तिलाच, "घरजावई शोधत होते बाबा तुझे. ह्याने स्वतःच माप दिलं."

सगळे हसले. मीही. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे तू ठरवलंसच."

मी म्हटलं, अहो बाबा, हे तात्पुरतं. ते म्हणाले, अरे हो रे, तात्पुरतंच. पण आज पहिल्यांदा मला "तू" म्हणाले. आतापर्यंत अहो-जाहो होतं. मुलगा मानलं म्हणायचं.

३१ तारीख, रविवार

सरांना कळवलं, पंधरा तारखेला रुजू होतो. कारण हत्ती गेला, शेपूट राहिलंय. हॉल घुमतो. चार लोक बोलले तर चाळीस बोलल्यासारखं वाटतं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. सगळं गुळगुळीत केलं की आवाजाला टेकायला जागा राहत नाही. असं अर्धवट सोडून गेलो तर माझ्याच नावाला बट्टा. सर म्हणाले, बघ बाबा.

बायको ठरल्याप्रमाणे उद्या जातेय. तिची तारीख हलत नाही म्हणते. मी म्हटलं, उत्तम, तू पुढे जाऊन खोली बघ.

१ तारीख, सोमवार

तिला सोडायला गेलो. गाडी सुटायला वेळ होता म्हणून मी तिला टेबलांच्या खालून लोकरीचा जाड नमदा चिकटवायची युक्ती समजावत होतो, आवाज पिऊन टाकतो. ती मध्येच म्हणाली, "मी तिथे बसायला लागले तेव्हा सुट्टीपुरतंच बसले होते."

"मग?"

"मग काही नाही. पंधराला ये. पंधराला नाही आलास तर येणार नाहीस."

असं एकदम टोकाचं बोलायची तिची सवय आहे. मी म्हटलं, अगं पंधरा म्हणजे पंधरा. तिने माझ्या शर्टाच्या बाहीला चिकटलेला नमद्याचा तुकडा काढला आणि आपल्या पर्समध्ये टाकला. कचरापेटी जवळच होती.

३ तारीख, बुधवार

नमद्याने आवाज बराच बसला. आता लक्षात आलं की दिवे चुकलेत. दुपारी ठीक, संध्याकाळी गिऱ्हाइकांचे चेहरे आजारी दिसतात. बदलतो.

मी गल्ल्यावर बसूनच हे सगळं बघतो. एका अर्थी सोयीचं आहे. हॉल कसा वापरला जातो हे कुठल्या डिझायनरला इतकं जवळून दिसतं? नोंदी काढतोय. कोण कुठलं टेबल निवडतं, कोण आरशाकडे पाठ करतं. मध्ये मध्ये सुटे पैसे द्यावे लागतात तेवढाच त्रास.

८ तारीख, सोमवार

दिवे झाले. स्वयंपाकघराचं दार कुरकुरतं. ते झालं की संपलं.

बाबांना सांगितलं, पंधराला निघतो, माझ्यामागे काय करणार? त्यांनी वाद घातला नाही. माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "जा रे तू. तुझं आयुष्य आहे. मी उभा राहीन."

आणि राहिले. सबंध दुपार गल्ल्यापाशी बाहेरच्या बाजूला उभे, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत. मी आत बसलेलो, ते बाहेर उभे. येणारा जाणारा आधी त्यांच्याकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. शेवटी मीच म्हटलं, बाबा, जा तुम्ही टेबलांकडे. ते लगेच गेले. जाताना शीळ घालत होते, म्हणजे फार थकले नसावेत.

१२ तारीख, शुक्रवार

सरांचा फोन. तुझ्या टेबलावर दुसऱ्या एकाला बसवलंय, म्हणाले, काम थांबत नाही. पण ये, आलास की बघू. म्हणजे दार उघडंच आहे. उलट आता पंधराचा एवढा धाक नाही.

आणि मोठी बातमी. एका मासिकवाल्यांनी हॉटेलची दखल घेतलीये. वीस-बावीस तारखेनंतर त्यांचा फोटोवाला येईल. लाट छापून येणार. आता आधी जाण्यात काय अर्थ? हे माझंच काम, ते कुठून कसं दिसतं हे फोटोवाल्याला दाखवायला मी नको?

सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी कढईतून मान वर केली नाही. म्हणाल्या, "तुम्ही निघा. दार मी उघडं ठेवते, गल्ला तिथून दिसतो." दार कुरकुरायचं थांबलंय हे त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, हो, कळलं मला.

१५ तारीख, सोमवार

पंधरा. गर्दी होती.

१९ तारीख, शुक्रवार

दुपारी, जेवणाची गर्दी ओसरल्यावर, बायकोचा फोन. खोली मिळतेय. दोन आहेत. एक बायकांच्या वसतिगृहात, एकटीपुरती. दुसरी वेगळी, छोट्या स्वयंपाकघरासकट, दोघांची. घरमालकीण उद्या संध्याकाळपर्यंत थांबणार.

"तिला काय सांगू?"

"दोघं. विचारायचं काय त्यात."

"मग कधी येतोस?"

फोटोंचं सांगितलं. ती ऐकत होती. मग बाबांचं सांगितलं, ते कसे उभे राहतात, परका माणूस कसा चालत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झालीये माझी.

"काप ना मग," ती म्हणाली.

"काय?"

"गल्ला. पुढून काप आणि बाबांच्या गुडघ्यांना जागा कर. त्यांना बसता आलं की तू मोकळा. ते फिरायला मिळावं म्हणून दुसऱ्याला बसवतात रे. आत्याला बसवलं, मला बसवलं. जागाच त्यांच्या मापाची झाली की बसता येत नाही असं त्यांना सांगता येणार नाही."

मी तिला शांतपणे समजावलं. पुढचा भाग कापायचा म्हणजे वळणातून एक खोकं बाहेर काढायचं. गालावर गळू यावं तसं दिसेल. जमीन वर उठते ती सगळी गंमतच जाईल. जोड दिसेल. एकदा जोड दिसला की मग तो फक्त एक गल्ला उरतो.

"तो गल्लाच आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, फोटो होऊ देत, मग कापू. नक्की. तिच्या मागे कुणीतरी मोजत होतं, एक, दोन, सावकाश, अजून एकदा. दवाखान्यातूनच बोलत असावी. मग म्हणाली, ठेवते, पेशंट आहे.

२० तारीख, शनिवार

सकाळी बाहेरच्या पायऱ्या धुवून होतायत तोवर मिस्त्री हजर, हातात कापायचं यंत्र. ताईंचा फोन आला होता, म्हणाला. काल संध्याकाळीच. दोन तासांचं काम आहे, गिऱ्हाईक यायच्या आत उरकतो.

मला राग आला का? आला. मग बरंही वाटलं. लपवण्यात अर्थ नाही, या वहीत नाहीच. मी पेन्सिल घेतली आणि बाबांना आत बसवून त्यांचे गुडघे जिथे टेकतात तिथून बाहेरच्या अंगाला खूण केली. दोन उभ्या रेषा, एक आडवी. बाबा निमूट बसले होते. पहिल्यांदाच त्यांचा चेहरा मला म्हातारा वाटला. ते म्हणाले, "तुझ्या हाताने केलंयस, तुझ्याच हाताने मोडतोयस. मी काय बोलणार. पण फोटो तेवढे होऊ द्यायचे होते."

मिस्त्रीने यंत्राची वायर लावली. मी दाराबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, गिऱ्हाईक जिथून बघतं तिथे. सकाळचं ऊन आडवं आत आलं होतं. जमीन उंबऱ्यापासून निघाली होती आणि वर, वर. आणि तिच्या पोटावर माझ्या पेन्सिलचा चौकोन.

आत येऊन मिस्त्रीला म्हटलं, आज नको. फोटो झाले की बोलावतो.

"मग हे परत नेऊ?"

"ने."

"ताईंना काय सांगू? त्या संध्याकाळी विचारणार आहेत."

म्हटलं, मी सांगतो. बाबांनी त्याच्यासाठी चहा मागवला आणि उठून टेबलांकडे निघून गेले. खूण ओल्या फडक्याने पुसून काढली. मोझॅकवर पेन्सिल राहत नाही, ही त्याची चांगली बाजू.

बायकोला फोन केला, सांगितलं, फक्त आठवडाभर पुढे ढकललंय. ती म्हणाली, "बरं." भांडली नाही. मला वाटलं होतं भांडेल.

२७ तारीख, शनिवार

फोटोवाला आला. अर्धा दिवस नुसता लाटेवर घालवला. सगळी टेबलं रिकामी करून घेतली, सासूबाईंचं स्वयंपाकघराचं दार बंद करून घेतलं, बाबांनाही बाहेर काढलं, ते मध्ये मध्ये येत होते. मी उठायला लागलो तर म्हणाला, तुम्ही बसा. एक माणूस हवा, नाहीतर गल्ला केवढा आहे ते कळत नाही. जरा मान खाली घाला, काम करताय असं. मी मान खाली घातली.

फोटो अप्रतिम आलाय. जोड शोधूनही सापडत नाही, जमीन, गल्ला आणि मी. सरांना पाठवला. बायकोलाही. तिने लगेच उत्तर दिलं. छान आलाय. मला माझ्यापुरती जागा मिळाली. खिडकी रस्त्यावर आहे, सकाळी ऊन येतं.

मिस्त्रीला बोलवायचंय, पण मासिकवाले म्हणाले की अंक बाजारात येईपर्यंत काही बदलू नका, लोक बघायला येतात. तेवढं झालं की कापतोच. तोवर रिकामं बसण्यापेक्षा तिकडचं काहीतरी करावं म्हणून तिला लिहिलं, खिडकीचं माप पाठव, पडदे मी इथून करून पाठवतो.

तिने अजून पाठवलेलं नाही.